गाळलेला रकाना

चंद्रपूरच्या एका दैनिकात मी एकोणीस वर्षे उपसंपादक होतो. त्या कामात हाताला एक सवय लागते. बातमीत जे ओळीओळीत सारखेच येते, ते कापायचे. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. तिच्यामुळे माझ्या हातून एक चूक झाली, आणि अहेरीतल्या एका माणसाला त्याच्या कामाला हात लावू दिला जात नव्हता. ती चूक दुसऱ्या कोणी दुरुस्त केली, याचा हेवा वाटून मी दुरुस्ती अडवून ठेवली, आणि त्याचे कामाविना बाकावर बसणे सतरा दिवसांनी लांबले. त्या सतरा दिवसांची ही हकिगत आहे.

दैनिकाची पाने ज्या संगणकावर जमा होत, तो लिनक्सवर गेला तेव्हा त्याला सांभाळणारे कोणी नव्हते. मी शिकलो. लिनक्समध्ये एक सोय आहे. कोणत्या खात्यावरून, कोणत्या वेळी, काय केले गेले, याची नोंद यंत्रणा स्वतः ठेवू शकते. तिला ऑडिट म्हणतात, पण पैशांच्या हिशेबाशी तिचा संबंध नाही. या नोंदी माणसाने वाचाव्यात अशा नसतात. काय केले ते शब्दांत लिहिलेले नसते, तिथे एक क्रमांक असतो. मी एक लायब्ररी लिहिली, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल असा कोडचा संच. ती क्रमांक घेते आणि साधे मराठी वाक्य देते: अमुक वाजता, अमुक खात्यावरून, फाईल उघडली. कोण, कधी, कुठे, काय. डेस्कवर आयुष्यभर तेच केले होते. लायब्ररी नेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली. जिल्ह्यातल्या दोनचार संस्था ती वापरू लागल्या. दूरच्या देशांतल्याही काही लोकांनी घेतली आणि तिच्यातली मराठी वाक्ये काढून आपापल्या भाषेतली घातली.

नोंदीच्या प्रत्येक ओळीत आर्च नावाचा एक रकाना असतो. नोंद कोणत्या जातीच्या प्रोसेसरवर झाली, ते त्यात लिहिलेले असते. माझ्याकडचे सगळे संगणक टेबलावरचे, एकाच जातीचे. त्यामुळे त्या रकान्यात ओळीओळीला तीच आठ अक्षरे येत. मी तो रकाना गाळला. अहवाल सुटसुटीत दिसू लागला, याचा मला तेव्हा अभिमान वाटला.

क्रमांकांचा अर्थ प्रोसेसरगणिक बदलतो, हे नंतर कळले. टेबलावरच्या संगणकात ब्याऐंशी म्हणजे फाईलचे नाव बदलणे. मोबाइलमध्ये आणि छोट्या स्वस्त बोर्डांत जो एआरएम जातीचा प्रोसेसर असतो, त्यात ब्याऐंशी म्हणजे लिहिलेला मजकूर डिस्कवर पक्का करणे. एकीकडचा सत्त्याऐंशी फाईल पुसतो, दुसरीकडचा सत्त्याऐंशी घड्याळ विचारतो.

हे कळल्यावर मी दोन वर्षे अधूनमधून त्यावर काम केले. लायब्ररी ज्या संगणकावर चालते, त्याला ती आधी त्याची जात विचारेल, अशी माझी योजना होती. ती टिकली नाही. नोंद एका संगणकावर व्हायची आणि वाचली दुसऱ्यावर जायची. शिवाय एकाच संगणकावर जुने आणि नवे प्रोग्राम शेजारी चालत असतील, तर एकाच नोंदवहीत दोन क्रमावल्या येत. एका फोल्डरमध्ये अर्धवट फाइली साचत गेल्या. लायब्ररीच्या पानावर मी लिहिले होते: अनेक प्रोसेसरांसाठीचे काम चालू आहे. अनोळखी प्रोसेसर दिसला तर थांब, एवढी एक ओळ घालता आली असती. ती घातली असती तर काम झालेले नाही हे जाहीर झाले असते. मी घातली नाही.

त्या पावसाळ्याच्या शेवटी अहेरीहून एका बाईंचा निरोप आला. त्या मूळच्या सिरोंच्याकडच्या. अहेरीत तीनचार संस्थांचे संगणक सांभाळतात. त्यांतली एक मासेमारांची सहकारी संस्था. वीज फार जाते म्हणून तिथे त्यांनी एआरएमचा एक छोटा बोर्ड बसवला होता. तो बॅटरीवर चालतो. निरोपासोबत लायब्ररीची दुरुस्ती जोडलेली होती. आमच्या कामात तिला पॅच म्हणतात.

पॅच मी संध्याकाळी वाचला. त्यांनी संगणकाला काहीच विचारले नव्हते. मी गाळलेला रकाना त्यांनी परत आणला होता. प्रत्येक ओळीचा आर्च आधी वाचायचा, मग त्या प्रोसेसरची यादी उघडायची, मग क्रमांकाचा अर्थ पाहायचा. सहा प्रोसेसरांच्या सहा याद्या, साध्या मजकुराच्या सहा फाइलींत. सातवा कोणी आला तर सातवी फाईल ठेवायची, कोडला हात लावायचा नाही. यादीत नसलेला प्रोसेसर दिसला तर अंदाज करायचा नाही, "ओळख नाही" असे लिहायचे. याद्या सोडल्या तर नवा कोड दीडएक पानाचा होता.

बातमीच्या वर गावाचे नाव छापतात. "नदीला पूर, रस्ता बंद" एवढाच मजकूर आला, तर ती नदी इरई की प्राणहिता, हे वरच्या गावावरून कळते. एकोणीस वर्षांत मी त्या नावाशिवाय एक बातमी पानात जाऊ दिली नव्हती. स्वतःच्या लायब्ररीतून मी नेमके तेच कापले होते आणि ते दुसऱ्या कोणाला दिसले होते. मी वाचनखूण घातली आणि संगणक बंद केला.

निरोपाचा शेवटचा परिच्छेद असा होता, की संस्थेच्या ऑपरेटरवर फाइलींची नावे बदलल्याचा ठपका आला आहे, त्याला संगणकापासून दूर ठेवले आहे, तरी पॅच लवकर पाहावा. मुख्य बातमी त्यांनी तळाला टाकली होती. तळाला होती तरी मी ती वाचली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कळवले की ओळींतल्या मोकळ्या जागा आमच्या पद्धतीच्या नाहीत. त्यांनी दुपारपर्यंत बदलून पाठवले. चौथ्या दिवशी मी फंक्शनांच्या नावांवर हरकत घेतली. संध्याकाळी नवी नावे आली. सहाव्या दिवशी सहाही प्रोसेसरांवरच्या चाचण्या मागितल्या. माझ्याकडे स्वतःकडे एकाच जातीचे संगणक होते, आणि मी कधी कोणाला अशा चाचण्या दाखवल्या नव्हत्या. त्यांनी तीन दिवसांत पाठवल्या. त्या मी उघडल्या नाहीत. पॅच नेटवर सगळ्यांना दिसत होता. दरम्यान दूरच्या देशातल्या एका वापरकर्त्याने त्याखाली एक ओळ लिहिली: हे इतके सोपे होते तर. ती ओळ मी बऱ्याचदा वाचली.

पंधराव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"भाऊ, अहेरीवरून बोलून राह्यली. पॅच पाह्यला का जी?"

"पाहून राह्यलो."

"काई चुकलं असन तं सांगा. दुरुस्त करून देईन."

"तपासाव लागते, बाई. घाईत घेतलं तं बाकीच्यायचं मोडन."

"तपासा ना. पन तो मानूस बाकावर बसून राह्यला. तुमचं तपासनं होईपरेंत त्यानं काय कराव?"

"तुमचा कोन लागते तो?"

"कोनी नाई. काऊन, नातं असलं तं पॅच लवकर घेता का तुमी?"

त्या पुढे म्हणाल्या, "मी सचिवभाऊले सांगतलं, अहवाल चुकीचा हाये. ते म्हनते, मशीन तुमी बसोली, तुमी तं मशीनचीच बाजू घ्यान. ज्यानं लायब्ररी लिवली त्यानं लिहून दिलं पायजे. तुमचं पत्र पायजे, भाऊ."

"पॅच लिवाले किती दिवस लागले?" मी विचारले. या प्रश्नाची तिथे गरज नव्हती.

"तुमची लायब्ररी वाचाले चार दिवस. लिवाले एक दुपार. त्या दिवशी बाजार होता, लौकर सुटली मी."

सतराव्या दिवशी मी गोंडपिपरी, आष्टीवरून जाणारी एसटी धरली. मशीन पाहायला चाललो आहे, असे घरी सांगितले. पिशवीत पॅचची छापील प्रत होती आणि समासात लाल पेनाच्या खुणा होत्या. त्यांतली एकही खूण खऱ्या चुकीची नव्हती.

संस्थेचे ऑफिस एका खोलीचे आहे, पुढे पत्र्याचा व्हरांडा. व्हरांड्यातल्या बाकावर पन्नाशीचा एक माणूस मांडीवर वही घेऊन लिहीत होता. ठपका होता तो हाच. संगणकाला हात लावायचा नाही असे सांगितल्यापासून तो रोज वेळेवर येत होता आणि दिवसाच्या नोंदी वहीत उतरवत होता. परत बसवले तर काम मागे पडलेले नसावे, म्हणून.

"चंद्रपूरचे भाऊ ते तुमीच का जी?" त्याने विचारले.

"हो."

"तुमची वस्तू लय चुगलखोर हाये. मी केलं नाई ते बी सांगते."

तो हसला नाही. बाकावर सरकून त्याने मला जागा दिली.

बाई आत होत्या. माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी लहान. दारात सिरोंच्याहून आलेला एक मासे घेणारा उभा होता, त्याच्याशी त्या तेलुगूत बोलत होत्या. तो गेला, मग डोक्यावर टोपली घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईला त्यांनी गोंडीत काहीतरी सांगितले. माझ्याकडे वळून त्या मराठीत म्हणाल्या, "या, भाऊ. च्या ठेवाले सांगतलं." तीन भाषांत त्यांचा आवाज बदलत नव्हता. मला बोलायला एकच भाषा येते. डेस्कवर असताना ती इतरांपेक्षा नीट येते, याचा मला अभिमान होता. त्या खोलीत तो अभिमान आठवला आणि काही उपयोगाचा वाटला नाही.

सचिवांनी कपाटातून माझ्या लायब्ररीचे छापील अहवाल काढले. त्यांची बाजू त्यांनी शांतपणे मांडली. संस्थेकडे अनेक तलाव आहेत. कोणत्या आठवड्यात कोणत्या तलावात कोणत्या घराने जाळे टाकायचे, त्याची पाळी ठरलेली असते आणि ती यादी संगणकात असते. दोन घरांमध्ये पाळीवरून वाद झाला. यादी कोणी बदलली का ते पाहायला सचिवांनी अहवाल काढला.

"हे पाहा. अकरा पाच, फाईलचे नाव बदलले. अकरा सात, फाईलचे नाव बदलले. अकरा अकरा, पुन्हा. दिवसभर हेच. एका यादीचं नाव दुसरीले दिलं, दुसरीचं पहिलीले. अजून काय पायजे?"

"कोणत्या फाईलचं नाव?" मी विचारले.

"तेच तं. तुमचाच अहवाल म्हनते, फाईलचे नाव नोंदीत नाही. नाव बदलनारा मानूस मांगं नाव ठेवन का?"

डेस्कवर अशी बातमी आली असती तर मी ती फेकून दिली असती. कशाचे नाव बदलले ते नाही, जुने नाव नाही, नवे नाव नाही. माझी लायब्ररी ते वाक्य अनेक महिने बिनबोभाट छापत होती.

बाईंनी सचिवांना विचारले, "सचिवभाऊ, बाजारात धानाचा भाव करता तवा पहिले काय पुसता?"

"कोन्त्या गावची पायली, ते."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? आमची पायली लहान, नदीपल्याडची मोठी. पायली न पुसता भाव केला तं बुडलो ना."

"मंग ह्या ब्याऐंशीले कोनी पुसलं का, तू कोन्त्या मशीनचा?"

सचिवांनी माझ्याकडे पाहिले.

"यायनं नाई पुसलं," दारातून ऑपरेटर म्हणाला.

मी म्हणालो, "नाही पुसलं."

मग त्याला आत बोलावले. बाईंनी बोर्डावर एका खिडकीत माझी जुनी लायब्ररी लावली, दुसरीत त्यांची दुरुस्त केलेली. त्याने वहीतली एक ओळ टंकली आणि जतन केली. जुन्या खिडकीत आले: फाईलचे नाव बदलले. नव्या खिडकीत आले: मजकूर डिस्कवर पक्का केला. बाई म्हणाल्या, "आता खरंच नाव बदला." त्याने एका रिकाम्या फाईलचे नाव बदलले. नव्या खिडकीने ते बरोबर सांगितले, दोन्ही नावांसह. जुन्या खिडकीत आले: घड्याळाचा गजर लावला.

"म्हंजे चोरी कराच्या पहिले मी टाइम पाहून राह्यलो," ऑपरेटर म्हणाला.

सचिवांनी चष्मा काढला. त्यांना अजून एक शंका होती, आणि ती रास्त होती. "पन दिवसातून एवढ्या खेपा दाबाची काय गरज?"

"लाइट कवा जाईन ते सांगून ठेवा," तो म्हणाला, "मंग तेवढ्याच खेपा दाबतो."

त्याच्यावरचा सगळा पुरावा एवढाच होता. वीज जाते म्हणून तो प्रत्येक ओळीनंतर जतन करत होता. तो जितका जपून वागला, तितका माझ्या अहवालात गुन्हेगार ठरला.

सचिवांनी कोरा कागद पुढे केला. मी लिहिले: लायब्ररीत काही तांत्रिक त्रुटी आढळून आल्याने अहवालात तफावत निर्माण झाली होती, सदर त्रुटी दूर करण्यात आली आहे. हे वाक्य लिहायला मला विचार करावा लागला नाही. अशी वाक्ये मी आयुष्यभर इतरांच्या बातम्यांत पाहिली आहेत आणि परत पाठवली आहेत.

सचिवांनी ते मोठ्याने वाचले. "कोनाची त्रुटी? कोनं दूर केली?"

बाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. बोलल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

मी दुसरा कागद घेतला. अहवाल चुकीचा आहे. चूक माझी आहे. मी नोंदीतला एक रकाना गाळला होता. ऑपरेटरने कोणत्याही यादीचे नाव बदललेले नाही, त्याने आपले काम जतन केले आहे. इथपर्यंत पेन चालले. पुढचे वाक्य होते, दुरुस्ती कोणी केली ते. त्यांचे पूर्ण नाव मला ठाऊक होते, पॅचवर ते होते. तरी मी त्यांना विचारले, कसे लिहायचे. त्यांनी सांगितले. मी लिहिले, आणि त्याखाली: ती दुरुस्ती बरोबर आहे, मी सतरा दिवसांपूर्वीच ती पाहिली होती. सही केली. ही शेवटची ओळ कोणी मागितली नव्हती. सचिवांनी ती वाचली, एकदा माझ्याकडे आणि एकदा बाकाकडे पाहिले, आणि कागद फाईलला लावला.

पॅच मी तिथेच, त्यांच्या संगणकावरून स्वीकारला. समासातल्या लाल खुणांचा कागद पिशवीतून बाहेर काढला नाही. दुरुस्ती कोणाची, हे नोंदवायचे काम तिथे यंत्रणाच करते. माझ्या हातात ते नसते. याद्या जशाच्या तशा घेतल्या. अहवालाच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी आता प्रोसेसरचे नाव येते, बातमीवर गावाचे येते तसे.

निघताना ऑपरेटर संगणकापुढे होता. वहीतले एकेक पान टंकत होता आणि ओळीओळीला जतन करत होता.

"आता दमानं दाब," सचिव त्याला म्हणाले. "बटन घासून जाईन."

"बटन म्या सांभाळतो. तुमी लाइट सांभाळा."

बाकावर बसवलेल्या दिवसांबद्दल कोणी काही बोलले नाही. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. ती क्षमा होती की नुसता निरोप, ते मी ठरवू शकलो नाही. विचारलेही नाही.

बाई एसटी थांब्यापर्यंत आल्या. त्यांनी विचारले, "ते तुमच्या पानावर लिवलं हाये ना, काम चालू हाये म्हनून. तुमचं बी काई तयार होतं का? मले वाटलं, तुमचंच पुढं नेऊन राह्यली मी."

"थोडं होतं," मी म्हणालो.

"पाठवा ना. त्यातलं काई घेता येईन."

त्यातले काही घेण्यासारखे नव्हते. मी पाठवतो म्हणालो.

एसटी आलापल्लीला पोहोचेपर्यंत त्यांचा नवा पॅच फोनवर आला होता. सातव्या प्रोसेसरची सातवी यादी. कोडला हात लावलेला नव्हता. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि पुन्हा वाचला, चूक शोधत. चाळिसाव्या ओळीच्या शेवटी एक जास्तीची मोकळी जागा सापडली. तिच्यावर बोट ठेवून मी आष्टीपर्यंत बसलो होतो. आष्टीला नेटवर्क होते. मी पॅच स्वीकारला आणि त्या जागेबद्दल काही लिहिले नाही.